छिद्र पडणं वेगळं, पेशी फुटणं वेगळं

प्रश्न : मी कोल्हापुरात जैवरसायनशास्त्रात पीएचडी करते आहे. टीएचपी-१ पेशींना (मानवी रक्तकर्करोगातून मिळालेल्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या पेशी) पीएमए हे रसायन देऊन तळाला चिकटवते, मग ३ तास एलपीएस (जिवाणूच्या आवरणातला, पेशींना चेतवणारा घटक) आणि शेवटी २ तास निजेरिसिन (पेशीतलं पोटॅशियम बाहेर काढणारं रसायन) देते. वरचं माध्यम एलडीएच या पेशीतल्या एन्झाइमच्या चाचणीसाठी काढून घेते, पेशी पीबीएस या क्षारद्रावणाने दोनदा धुते आणि खरवडून ब्लॉटसाठी (प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत, म्हणजे बँडमध्ये, दाखवणारी चाचणी) वापरते. एलडीएच ६० टक्क्यांच्या आसपास येतं, म्हणजे पेशी मरतात हे नक्की. पण गॅसडर्मिन डी या छिद्रं पाडणाऱ्या प्रथिनाचा ५३ किलोडाल्टनचा बँड नुसता फिका होतो. ३१ चा तुकडा चार वेळा प्रयोग करूनही दिसलेला नाही. डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध १० मायक्रोमोलर दिलं तर एकदा एलडीएच निम्म्यावर येतं, पुढच्या वेळी काहीच फरक पडत नाही. गाइड म्हणतात, ॲनेक्सिन-पीआय ही दोन रंगांची चाचणी करून पायरॉप्टोसिस (पेशीचा छिद्रं पडून होणारा, दाह पेटवणारा मृत्यू) सिद्ध कर आणि प्रबंधाच्या चर्चेत ‘सेप्सिसवर डायसल्फिराम उपयोगी ठरेल’ असं लिही. घोडं नेमकं अडलंय कुठे?

उत्तर : तुमचा ३१ किलोडाल्टनचा तुकडा बहुधा दर वेळी तयार होतो आहे. तो तुम्ही काढून घेतलेल्या माध्यमात आणि पीबीएसच्या दोन धुण्यांत निघून जातो. पायरॉप्टोसिसने मेलेली पेशी तळाला धरून राहत नाही. काही पेशी फुटून त्यांचा ऐवज माध्यमात मिसळतो, काही फुगून सुटतात आणि हलक्या धक्क्याने वाहून जातात. खरवडल्यावर तुमच्या हाती येतात त्या मुख्यतः न मेलेल्या पेशी. त्यांच्यात तुकडा नसायचाच. ५३ चा बँड फिका होण्याचं एक कारण तुकडे होणं हे असेल, पण दुसरं साधं कारण म्हणजे त्या विहिरीत पेशीच कमी उरल्या आहेत. ॲक्टिन या तुलनेसाठीच्या, सगळ्या पेशींत असणाऱ्या प्रथिनाचा बँडही त्याच प्रमाणात फिका झालाय का, ते जुन्या ब्लॉटवर आजच पाहा.

दुरुस्ती सोपी आहे, पण तिचं कारण समजून केली तर पुढचे तीन प्रश्नही सुटतात.

गॅसडर्मिन डी हे मानवी पेशीत ४८४ अमिनो आम्लांचं प्रथिन. त्याचे दोन भाग. मागचा भाग पुढच्याला धरून ठेवतो, आणि तो धरून आहे तोवर प्रथिन निरुपद्रवी असतं. कॅस्पेस-१ हे प्रथिनं कापणारं एन्झाइम (किंवा पेशीत शिरलेल्या एलपीएसने थेट जागे होणारे कॅस्पेस-४ आणि ५) २७५ व्या जागच्या ॲस्पार्टेट या अमिनो आम्लानंतर काप घेतं. सुटलेला पुढचा भाग, म्हणजे तुम्ही शोधताय तो तुकडा, पेशीपटलाच्या आतल्या थरातल्या फॉस्फोइनोसिटाइड या मेदांना चिकटतो आणि साधारण ३३ तुकडे मिळून एक कडं तयार होतं. त्याचा आतला व्यास सुमारे २१.५ नॅनोमीटर. हे प्रथिन म्हणजेच पायरॉप्टोसिसचा प्रत्यक्ष हस्तक, हे २०१५ मध्ये बीजिंगमधल्या फेंग शाओ यांच्या आणि अमेरिकेतल्या जेनेनटेक कंपनीतल्या विश्व दीक्षित यांच्या गटांनी वेगवेगळ्या वाटांनी दाखवलं.

त्यानंतर काही वर्षं सगळ्यांनी असं गृहीत धरलं की छिद्रं पडली की पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि आपोआप फुटते. २०२१ मध्ये दीक्षितांच्याच गटाने हे गृहीतक मोडलं. निन्जुरिन-१ नावाचं एक छोटं पटलप्रथिन काढून टाकलेल्या पेशींत गॅसडर्मिनची छिद्रं नेहमीसारखी पडली, इंटरल्यूकिन-१ बीटा हे दाह पेटवणारं प्रथिन नेहमीसारखं बाहेर आलं, पण पेशी फुग्यासारख्या फुगून तशाच राहिल्या आणि एलडीएच बहुतांश आतच राहिलं. म्हणजे पेशी फुटणं ही वेगळी घटना आहे आणि तिचा हस्तकही वेगळा आहे. इंटरल्यूकिन-१ बीटा परिपक्व झाल्यावर १७ किलोडाल्टनचं असतं. छिद्राची आतली बाजू ऋणभारित असल्याने त्याला सहज वाट मिळते, आणि त्याच्या कच्च्या, जास्त आम्लधर्मी रूपाला ती अडवते. एलडीएच चार घटकांचं, सुमारे १४० किलोडाल्टनचं. नुसती मापं पाहिली तर तेही त्या कड्यातून जावं असं वाटेल, पण प्रयोगात ते प्रामुख्याने पटल फाटल्यावरच बाहेर येतं.

तेव्हा तुमचे ६० टक्के हे छिद्रांचं मोजमाप नाही, फाटलेल्या पेशींचं आहे. पेशी नेक्रॉप्टोसिसने (पटल फाटून होणारा दुसरा एक नियोजित मृत्यू) फाटली, ॲपॉप्टोसिसनंतर (पेशीचा शांत, नियोजित मृत्यू) उशिरा फाटली किंवा तुमच्या पिपेटच्या जोराने फाटली, तरी हा आकडा वाढणारच. मधली एक अवस्थाही असते. छिद्रं थोडी असली तर आत शिरणारं कॅल्शियम एस्कॉर्ट-३ ही दुरुस्तीयंत्रणा बोलावतं, ती पटलाचा छिद्र पडलेला भाग खुडून बाहेर टाकते आणि पेशी जगते. अशा पेशीने इंटरल्यूकिन सोडलेलं असतं, एलडीएच नाही. एकट्या एलडीएचवर भिस्त ठेवली तर ही अवस्था तुम्हाला कधीच दिसणार नाही.

आता हाताचं काम.

पेशींपासून सुरुवात करा. टीएचपी-१ पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या भांडारातून आणल्या असतील तर आल्या दिवसाचा पॅसेज क्रमांक (पेशी किती वेळा नव्या भांड्यात वाढवल्या तो आकडा) नोंदवा, २५ च्या पुढे नेऊ नका आणि घनता मिलिलिटरला १० लाखांच्या वर जाऊ देऊ नका. मायकोप्लाझ्मा या पेशींत नकळत वाढणाऱ्या जिवाणूची पीसीआर तपासणी महिन्याला एकदा हवीच. त्याचे लिपोप्रोटीन पेशींना आधीच चेतवून ठेवतात आणि मग एलपीएस दिलेल्या आणि न दिलेल्या पेशींतला फरकच पुसला जातो. पीएमए १०० नॅनोमोलर (सुमारे ६२ नॅनोग्रॅम प्रति मिलि) २४ तास द्या, नंतर पीएमए नसलेल्या माध्यमात पूर्ण २४ तास विश्रांती. तुमच्या पत्रात या विश्रांतीचा उल्लेख नाही. ती गाळली तर पीएमएच्या ताणानेच पायाभूत एलडीएच चढलेलं असतं.

ब्लॉटसाठी १२ विहिरींच्या प्लेटमध्ये विहिरीला १० लाख पेशी घ्या. एलपीएस १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, ३ तास, नेहमीच्या माध्यमात. मग माध्यम काढून सीरम नसलेलं ऑप्टी-मेम हे माध्यम फक्त ३०० मायक्रोलिटर घाला आणि निजेरिसिन १० मायक्रोमोलर द्या. सीरम ठेवलं तर ६६ किलोडाल्टनचं अल्ब्युमिन लेन फुगवतं, आणि सीरममध्ये स्वतःचं एलडीएचही असतं. निजेरिसिनचा साठा १० मिलिमोलर, इथेनॉलमध्ये, म्हणजे सोडियम क्षाराचे ७.५ मिलिग्रॅम प्रति मिलि. इथेनॉल उडतं, म्हणून अर्धवट वापरलेली जुनी नळी पुन्हा वापरायची नाही. एकदाच्या वापरापुरते भाग करून उणे २० ला ठेवा. नियंत्रण विहिरीत तेवढंच, म्हणजे ०.१ टक्का, इथेनॉल जायला हवं.

दोन तास हा एकच वेळबिंदू फार उशिराचा आहे. १५, ३०, ४५, ६० आणि ९० मिनिटं अशा पाच विहिरी लावा. या मांडणीत कापलेला तुकडा बहुधा ३० ते ६० मिनिटांच्या दरम्यान सगळ्यात ठळक दिसेल.

वेळ झाली की काहीही काढू नका आणि धुऊ नका. विहिरीतल्या ३०० मायक्रोलिटरमध्येच ५ पट सांद्र लेमली बफर (यात एसडीएस हा तीव्र डिटर्जंट असतो) ७५ मायक्रोलिटर घाला, टोकाने खरवडून सगळं एका नळीत घ्या. फुटलेल्या केंद्रकांतल्या डीएनएमुळे ते शेंबडासारखं चिकट होईल. २६ गेजच्या सुईतून आठ-दहा वेळा ओढा किंवा १० सेकंद सोनिकेशन करा. मग ९५ अंशांवर ५ मिनिटं. छिद्र बनवलेला तुकडा पटलात घट्ट रुतलेला असतो. सौम्य डिटर्जंटच्या बफरने पेशी विरघळवून गाळ फेकून दिला तर तो गाळातच जातो, म्हणून सुरुवातीपासून एसडीएस हवं. १२ टक्क्यांचं जेल, ०.२ मायक्रोमीटर छिद्रांचा पीव्हीडीएफचा पडदा.

पेशी आणि माध्यम वेगळं दाखवायचंच असेल तर माध्यम ३०० जीवर ५ मिनिटं फिरवा, खाली बसलेल्या तरंगत्या पेशी चिकटलेल्या पेशींच्या लायसेटमध्ये परत मिसळा आणि वरच्या द्रवातलं प्रथिन मिथेनॉल-क्लोरोफॉर्मने बसवा. द्रव ५०० मायक्रोलिटर असेल तर मिथेनॉल ५०० आणि क्लोरोफॉर्म १२५, जोरात हलवून १३,००० जीवर ५ मिनिटं. प्रथिन दोन थरांच्या मधोमध पांढऱ्या पापुद्र्यासारखं बसतं. वरचा थर काढताना घाई झाली की पापुद्रा टोकात शिरतो आणि प्रयोग तिथेच संपतो, म्हणून वरचा थोडा द्रव राहू द्या. पुन्हा ५०० मिथेनॉल, पुन्हा फिरवा, गोळी ५५ अंशांवर जेमतेम कोरडी करा. पार करकरीत वाळली तर बफरमध्ये विरघळत नाही. हे सगळं धूर-कपाटात.

एवढं करूनही ३१ चा बँड नसेल तर अँटीबॉडीचं माहितीपत्रक उघडा. मागच्या भागाविरुद्ध बनवलेली अँटीबॉडी ५३ आणि सुमारे २२ दाखवेल, ३१ कधीच दाखवणार नाही. उंदराच्या गॅसडर्मिनवर तपासलेल्या अँटीबॉडी मानवी पेशींवर चालतीलच असं नाही. कापलेल्या टोकाला ओळखणारी, मानवी ॲस्पार्टेट २७५ साठीची अँटीबॉडी मिळाली तर उत्तम. आणि ४३ किलोडाल्टनला बँड दिसला तर त्याला ३१ समजू नका आणि दुर्लक्षही करू नका. तो कॅस्पेस-३ ने ८७ व्या जागी घेतलेला काप आहे. त्यातून निष्प्रभ तुकडा होतो आणि बाजूला ॲपॉप्टोसिस चालू असल्याची ती खूण आहे. तेव्हा गॅसडर्मिन ई चाही ब्लॉट करा. कॅस्पेस-३ त्याला २७० व्या जागी कापतं आणि त्याचा पुढचा तुकडाही छिद्रं पाडतो. काही कर्करोग पेशी केमोथेरपीने ॲपॉप्टोसिसऐवजी अशा फुगून मरतात. या प्रथिनाच्या जनुकातला दोष १९९८ मध्ये आनुवंशिक बहिरेपणाच्या कुटुंबांत सापडला होता. छिद्रांशी त्याचा संबंध कळायला पुढे जवळपास वीस वर्षं गेली.

एलडीएचबद्दल. सूत्र तुम्ही बरोबर वापरत असाल, तरी एकदा ताडून पाहा. निजेरिसिन न दिलेल्या पेशींचं वाचन ०.४५, ट्रायटन या डिटर्जंटने सगळ्या फोडलेल्या १.९५ आणि निजेरिसिनच्या १.३५ असेल तर (१.३५ − ०.४५) भागिले (१.९५ − ०.४५), म्हणजे ६० टक्के. ट्रायटन घालताना विहिरीतला द्रव वाढतो, तेवढंच पाणी किंवा माध्यम बाकीच्या विहिरींतही घाला. वाचन २ च्या पुढे गेलं की रंग आणि एन्झाइम यांचं सरळ प्रमाण सुटतं, म्हणून नमुना पातळ करून पुन्हा वाचा. डायसल्फिराम एलडीएच एन्झाइमलाच दाबत नाही ना, हे पाहायला ट्रायटनने फोडलेल्या पेशींच्या द्रवात ते मिसळून एक वाचन घ्या. ही विहीर बहुतेक जण लावत नाहीत.

छिद्र आणि फुटणं वेगळं करायला तुम्हाला महाग काही लागत नाही. ग्लायसिन ५ मिलिमोलर निजेरिसिनसोबत द्या. ते निन्जुरिन-१ चे पुंजके होऊ देत नाही, गॅसडर्मिनला हात लावत नाही. सोबत माध्यमात साइटॉक्स ग्रीन हा पटल शाबूत नसलेल्या पेशीतच शिरणारा रंग १ मायक्रोमोलर ठेवून दर ५ मिनिटांनी ३७ अंशांवर वाचन घ्या. पायरॉप्टोसिस असेल तर ग्लायसिनच्या विहिरीत एलडीएच झपाट्याने पडेल, पण रंग आत शिरत राहील, इंटरल्यूकिन बाहेर येत राहील आणि ३१ चा तुकडा तसाच राहील. असा एक आलेख प्रबंधात असला की परीक्षकाचे निम्मे प्रश्न तिथेच संपतात. इंटरल्यूकिनसाठी एलायझा या अँटीबॉडीने प्रथिन मोजणाऱ्या चाचणीसोबत माध्यमाचा ब्लॉटही करा, १७ किलोडाल्टनला. अनेक एलायझा कच्च्या ३१ किलोडाल्टनच्या रूपालाही थोडंफार धरतात आणि पेशी फुटल्यावर तेही माध्यमात येतं. योगायोगाने तेही ३१ च आहे, लेबलं नीट लावा.

सोबत दोन नियंत्रणं हवीतच. एनएलआरपी-३ या कॅस्पेस-१ ला जागं करणाऱ्या संवेदक प्रथिनाचा रोधक एमसीसी-९५० हा १ मायक्रोमोलर, निजेरिसिनआधी ३० मिनिटं. आणि माध्यमात पोटॅशियम क्लोराइड ५० मिलिमोलर. निजेरिसिन पेशीतलं पोटॅशियम बाहेर काढतं आणि त्या उतरत्या पातळीनेच एनएलआरपी-३ जागं होतं. बाहेर पोटॅशियम वाढवलं की तो उतारच कमी होतो. न्यूमोकॉकसचं न्यूमोलायसिन किंवा स्टॅफिलोकॉकसचं अल्फा-टॉक्सिन हीही छिद्रंच पाडणारी प्रथिनं. ती पेशीला चेतवतात ती बरीचशी याच वाटेने, म्हणजे जंतूने पाडलेल्या छिद्रावरून पेशी स्वतःची छिद्रं पाडायचं ठरवते.

ॲनेक्सिन-पीआयचं गाइडना विनयाने पण स्पष्ट सांगा. ॲनेक्सिन फॉस्फॅटिडिलसेरीन या एरवी पटलाच्या आतल्या बाजूला असणाऱ्या मेदाला चिकटतं. छिद्र पडलं की ते आत जाऊन पटलाच्या आतल्या बाजूलाच चिकटतं. पीआय तर एवढासा रेणू, छिद्रातून सहज जातो. पायरॉप्टोसिस, नेक्रॉप्टोसिस आणि उशिराचा ॲपॉप्टोसिस, तिघेही दोन्ही रंगांत उजळतात. ही चाचणी मृत्यूची जात सांगत नाही.

डायसल्फिरामचा लहरीपणा समजण्यासारखा आहे. ते गॅसडर्मिनच्या १९१ व्या सिस्टीनला पकडतं आणि कडं जुळू देत नाही, हे २०२० मध्ये दाखवलं गेलं. पण ते मुळात गंधकाच्या गटांशी भिडणारं रसायन आहे आणि समोर येईल त्या गंधकाशी भिडतं. टीएचपी-१ च्या माध्यमात बहुतेक प्रयोगशाळा ०.०५ मिलिमोलर मरकॅप्टोइथेनॉल घालतात. म्हणजे ५० मायक्रोमोलर गंधक तुमच्या १० मायक्रोमोलर डायसल्फिरामची वाट पाहत बसलेलं असतं. ज्या दिवशी माध्यम नीट बदललं त्या दिवशी परिणाम दिसला, ज्या दिवशी जुनं थोडं राहिलं त्या दिवशी नाही, हे सगळ्यात संभाव्य स्पष्टीकरण. सीरमचं अल्ब्युमिनही त्याला बांधून ठेवतं, आणि माध्यमातल्या तांब्याप्रमाणे त्याची ताकद बदलते. एलपीएस संपल्यावर मरकॅप्टोइथेनॉल नसलेल्या ऑप्टी-मेमने एकदा हलकेच धुऊन (या टप्प्यावर पेशी जिवंत आहेत, धुतलेलं चालतं) मगच डायसल्फिराम द्या, ३० मिनिटांनी निजेरिसिन. एलपीएसच्या आधी दिलं तर ते एनएफ-कॅपा-बीचा, म्हणजे एलपीएस पेशीला चेतवतं तो, मार्गही दाबेल आणि तुम्ही चेतवणंच बंद केलेलं असेल. ५, १०, २० आणि ३० मायक्रोमोलर अशी शिडी लावा आणि त्याच नमुन्यात कॅस्पेस-१ चा २० किलोडाल्टनचा तुकडा पाहा. तो आणि ३१ चा तुकडा दोन्ही शाबूत, पण साइटॉक्स कमी, असं असेल तर रोध छिद्राच्या पातळीवर आहे. तेही कमी झाले तर औषध वरच कुठेतरी अडवतंय आणि गॅसडर्मिनचं नाव घेता येणार नाही.

शेवटी पुरावा जनुकीयच लागतो. गॅसडर्मिन डी काढलेले टीएचपी-१ चे दोन वेगळे क्लोन घ्या, आणि मूळ जनुक परत घातल्यावर मृत्यू परत येतो हे दाखवा. त्या क्लोनमध्ये निजेरिसिननंतर रात्रभर ठेवून मोजू नका. छिद्राची वाट बंद असली तरी कॅस्पेस-१ पुढे कॅस्पेस-३ ला जागं करतं आणि पेशी सावकाश दुसऱ्या वाटेने मरतात. एका तासाला मोठा फरक आणि सोळा तासांनी शून्य फरक, दोन्ही निकाल खरे असतात.

राहिलं सेप्सिसचं वाक्य. ते लिहू नका. गॅसडर्मिन डी नसलेले उंदीर एलपीएसच्या प्राणघातक मात्रेतून वाचतात हे खरं, पण एलपीएस टोचणं म्हणजे जंतुसंसर्ग नव्हे. कॅस्पेस-११ (मानवी कॅस्पेस-४ आणि ५ चा उंदरातला भाऊ) नसलेले उंदीर एलपीएसला टिकतात आणि बर्खोल्डेरिया थायलंडेन्सिससारख्या एरवी निरुपद्रवी जंतूला बळी पडतात, कारण संसर्ग झालेली पेशी मरून जंतूचा आसरा काढून घेत होती, ते थांबतं. माणसांत १९९० च्या दशकात सेप्सिसवर इंटरल्यूकिन-१ रोखणाऱ्या ॲनाकिन्राच्या मोठ्या चाचणीतून जीव वाचण्यात ठोस फायदा निघाला नाही. २०१७ च्या कँटॉस चाचणीत, १०,०६१ हृदयरुग्णांत, इंटरल्यूकिन-१ बीटा रोखणाऱ्या कॅनाकिनुमॅबने हृदयविकाराच्या घटना घटवल्या, पण संसर्गाने होणारे मृत्यू वाढले. डायसल्फिराम आपल्याकडे व्यसनमुक्तीसाठी दिलं जातं, यकृताला त्रास देऊ शकतं आणि रुग्णाच्या पोटात मद्यार्क असलेलं साधं सिरप गेलं तरी रक्तदाब कोसळू शकतो. अतिदक्षता विभागातल्या रुग्णाबद्दल असं विधान पेशींच्या प्लेटवरून करायचं नसतं.

आजारांशी दुवा जोडायचाच असेल तर भक्कम जागा आहेत. पायरिन या दुसऱ्या संवेदक प्रथिनाच्या दोषामुळे होणारा कौटुंबिक भूमध्य ज्वर, जिथे कोल्चिसिन काम करतं. एनएलआरपी-३ च्याच जनुकातल्या दोषाचे ज्वरविकार, जिथे इंटरल्यूकिन-१ रोखल्यावर ताप, पुरळ आणि रक्तातल्या दाहाच्या खुणा लवकर उतरतात. गाऊट, ज्यातले युरिक आम्लाचे स्फटिक एनएलआरपी-३ ला जागं करतात हे २००६ पासून माहीत आहे. आणि उलट बाजूने परफोरिन. मारक लसिकापेशींचं हे छिद्रप्रथिन जन्मतः नसलं की लक्ष्यपेशी मरत नाही, दोघी एकमेकींना चिकटून राहतात, सायटोकाइन (दाहाचे निरोप नेणारी प्रथिनं) वाहत राहतात आणि लहान मुलांत जीवघेणा हिमोफॅगोसायटिक आजार होतो. छिद्र न पडल्यामुळे होणारा दाह, हा मुद्दा तुमच्या चर्चेत एक परिच्छेद नक्की मागतो.

डायसल्फिरामबद्दल, प्रयोग वर सांगितल्याप्रमाणे जुळले तर, एवढं लिहा : ‘पीएमएने विभेदित केलेल्या टीएचपी-१ पेशींत, सीरम आणि मरकॅप्टोइथेनॉल नसताना, डायसल्फिरामने कॅस्पेस-१ ची सक्रियता कमी न करता गॅसडर्मिन डीवर अवलंबून असलेली पटल-पारगम्यता घटवली.’ आणि वाक्यातल्या प्रत्येक शब्दामागे कोणता ब्लॉट किंवा आलेख आहे, त्याचा क्रमांक समासात मांडून ठेवा.